बोलणी खाणारा शाहीर

आमच्या पाली गावात सकाळी उठून, तोंड धुऊन, डोक्याला फडकं गुंडाळून, लोकांची बोलणी खायला मुद्दाम घराबाहेर पडणारा एकच माणूस होता. बाकी आम्हा सगळ्यांना ती घरातच मिळत.

त्याचं नाव गेनबा. निजामाच्या राजवटीतलं आमचं हे गाव बिंदुसरेच्या काठचं, बीडला पायी जाऊन बाजार करून उजेडी परत यावं इतकं जवळ. गेनबाकडे दोन बैल, नदीकाठी जमिनीचा एक तुकडा आणि एक डफ होता. बैलांना तो कधी मारत नसे, जमिनीकडे फारसा बघत नसे आणि डफाला मात्र उन्हातसुद्धा ठेवत नसे. तो शाहीर होता, कलगीवाला. ज्यांनी हे फड पाहिले नसतील त्यांना सांगतो, कलगीवाले म्हणणार शक्ती मोठी आणि तुरेवाले म्हणणार शिव मोठा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत गाऊन जवाब द्यायचा. एकाच्या डफाला कलगी बांधलेली, दुसऱ्याच्या डफाला तुरा. भांडण देवांचं असलं तरी खरी इज्जत त्या डफावरच्या गोंड्याची असते.

मी नामदेव शिंपी. गेनबाच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत होती आणि तीही वरून अर्धी ढासळलेली. धंदा ओसरीवर बसून करायचा. हात सुईवर असला तरी डोळे आणि कान रिकामेच असतात, त्यामुळे गेनबाचं सगळं मला इतरांपेक्षा आधी कळे.

त्याची पद्धत मी तुम्हाला सांगतो. चैत्रात आमच्याकडे बाया कुरडया घालतात. माझी बायको गोदा अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घालून घरात वळली की हा कुठून तरी उगवे. बाजेला असा काही गुडघा लावे की दोन-चार कुरडया धुळीत. मग पळून न जाता तिथेच उभा राही. गोदा बाहेर येई. माझी गोदा बोलायला लागली की मधे श्वास घेत नाही, हे मी वीस-पंचवीस वर्षांच्या संसारावरून सांगू शकतो. ती गव्हाच्या भिजवणीपासून सुरू करे, जात्यावर, चिकावर, कढईवर येई आणि मग गेनबाच्या डोळ्यांवर, पायांवर आणि तिथून त्याच्या सात पिढ्यांवर. गेनबा मान खाली घालून ऐके. थोड्या वेळाने त्याचं बोट मांडीवर हलू लागे. मग तो हळूच म्हणे, "लई बेस. ते चिकाचं पुन्हा एकदा म्हना वैनी."

आता यावर कुठल्या बाईचं डोकं ठिकाणावर राहील? गोदाचा आवाज चढे. बोलणं ऐन भरात आलेलं असे, आणि नेमका तेव्हाच गेनबा मान वर करून म्हणे, "माझं झालं." आणि चालू लागे. अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून ती तशीच उभी राही. उरलेलं सगळं मग माझ्या वाट्याला येई.

गावाला त्याच्या बाकी सगळ्या खोड्या चालत, पण हे अर्ध्यातून उठून जाणं कुणाला सोसत नसे. न्हाव्याकडे बसला की ऐन वस्तरा गालावर असताना मान हलवी. न्हावी तोंड सोडी, आणि तो अर्धी दाढी घेऊन "माझं झालं" म्हणत उठे. गुरव नैवेद्य दाखवताना हा मागून घंटा बडवी. गुरवाच्या तोंडची ती पवित्र भाषा मी इथे लिहीत नाही. एकदा तर बीडहून येणाऱ्या अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, घोड्यासमोर वाटेत आडवा उभा राहिला. अमीनसाहेब हैदराबादकडचे, मोठे खानदानी. ते घोडा थांबवून म्हणाले, "जनाब, जरा रास्ता देंगे आप?" गेनबा त्या दिवशी इतका हिरमुसला की माझ्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "येवढा मोठा घोडा, येवढ्या मोठ्या मिशा, आन बोलनं बघ, नुसतं लोनी. ह्यात मानूस काय करल?" पण साहेबांच्या मागच्या शिपायाने त्याला जे काही सुनावलं होतं, त्यावर संध्याकाळी एक झकास गाणं झालं.

हो, गाणं. त्या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ तेच. गेनबाला बोलणी खाल्ल्याशिवाय गाणं सुचत नसे. हे गावात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याने मला मारुतीच्या पायाची शपथ घातली होती. "लोकांना कळलं तर संपलं बे नामा," तो म्हणे. "मानूस रागात ताल सोडत न्हाई. कुठं थांबायचं, कुठं उचलायचं, समदं आपसूक हुतं. पर त्याला कळलं की मी चाल घ्यायला आलोय, की राग गेला आन तालबी गेला." मी गोदाचं बोलणं इतकी वर्षं ऐकत आलो, मला त्यात कधी ताल सापडला नाही. पण एकदा तो गेल्यावर मी डोळे मिटून ऐकलं, आणि खरोखरच सुईचे टाके त्या चालीवर पडायला लागले. सदरा तिरका शिवला गेला तो वेगळा.

हे वेड त्याला पहिल्यापासून नव्हतं. आधी त्याला बाहेर जावंच लागत नसे. घरी यमुनावहिनी होत्या.

यमुनावहिनी म्हणजे गेनबाची बायको. अंगाने काडी, पण आवाज असा की नदीपलीकडच्या शेतातले बैल मान वर करत. त्या रोज सकाळी शेण काढता काढता गेनबाला धरत आणि भाकरी होईपर्यंत सोडत नसत. पेरणीच्या दिवसात हा डफ घेऊन फडाला जाई, लोक खळी करत तेव्हा हा मुखडे जुळवी, मग त्या बाईने बोलायचं नाही तर काय करायचं? मी भिंतीअलीकडून रोज ऐकत असे. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत मात्र मी कधी ऐकलं नाही, कारण तोवर आमच्या घरचं सुरू झालेलं असे.

गेनबाची ती कलगीही त्यांनीच केलेली. एकदा उभ्या पिकाची सोंगणी टाकून तो फडाला गेला आणि चार दिवसांनी परतला. तेव्हा वहिनींनी त्याचा लग्नातला जरीकाठी फेटा ट्रंकेतून काढला, माझ्या ओसरीवर आणून टाकला आणि म्हणाल्या, "भावजी, फाडा ह्याला आन कलगी शिवा. ह्यांच्या डोक्यावर तर शोभत न्हाई, डफावर तरी शोभू दे." मी फेटा फाडून पट्ट्या काढल्या. गोंडे त्यांनी स्वतः वळले, पुटपुटत, शिव्या देत. वळले मात्र असे की जिल्ह्यात तशी कलगी दुसरी नव्हती.

वहिनी एका पावसाळ्यात तापाने गेल्या. गावातल्या काही पुरुषांनी मागे "सुटला बिचारा" असंही म्हटलं. गेनबा वर्षभर डफाला शिवला नाही. मग एक दिवस तो आमच्या बाजेला गुडघा लावून उभा राहिलेला मी पाहिला.

तर अशा या गेनबाला कडा गावच्या दौलू शाहिराने शर्त घातली. दौलू तुरेवाला, तिकडे आष्टीच्या बाजूचा, गळा गोड आणि तोंड त्याहून तिखट. बीडच्या बैलबाजारात भर लोकांत तो म्हणाला की पालीच्या शाहिराची गाणी आता शिळी झाली, बायको गेली आणि याची वाणीही गेली. गेनबा डफावरची कलगी चाचपत राहिला. बोलले आमचे पाटील. पाटलांना गाण्यातलं काही कळत नसे, पण गावाच्या इज्जतीचं फार कळे. दौलूने शर्त टाकली, गेनबानेही हो म्हटलं आणि तिथल्या तिथे ठरलं. पाडव्यापासून हनुमान जयंतीपर्यंत दोन्ही शाहिरांनी रोज एक नवं गाणं करायचं आणि दिवस मावळायला गावच्या मारुतीच्या पारावर म्हणायचं. एकाचा माणूस दुसऱ्याच्या गावी साक्षीला राहणार. ज्याचा एक दिवस रिकामा गेला तो हरला. दोघंही टिकले तर जयंतीच्या जत्रेत पालीला समोरासमोर. हरणाऱ्याने आपल्या हाताने आपल्या डफावरचा गोंडा सोडून जिंकणाऱ्याच्या डफाला बांधायचा.

बाजारातून परतताना गेनबा वाटभर कलगी कुरवाळत होता. मी विचारलं, "हो कावून म्हनलास बे? पाटलाला म्हन की जमत न्हाई." तो म्हणाला, "नामा, ही जर दौलूच्या डफावर गेली ना, तर तिला काय तोंड दावू?" मला वाटलं कलगीबद्दल बोलतोय.

सुरुवात जोरात झाली. पाडव्याला गोदाच्या कुरडयांवर पहिलं गाणं झालं, दुसऱ्या दिवशी न्हाव्यावर, तिसऱ्या दिवशी गुरवावर. दिवसभर त्याचा क्रम ठरलेला. सकाळी बोलणी खायची, दुपारी लिंबाखाली बैलांसमोर बसून ती चाल घोळवायची, बैलांनी कान हलवले की बरी आहे असं समजायचं, आणि संध्याकाळी पारावर म्हणायचं. ज्याच्या तोंडची चाल असे तोच माणूस समोर बसून मान डोलवी आणि शेजाऱ्याला सांगे, काय गळा आहे हो. गोदाने स्वतःचंच बोलणं ऐकून डोळे पुसले. कड्याचा साक्षीदार म्हणजे दौलूचा मेहुणा, तो घरोघरी पाळीने जेवत होता. चांगलं बाळसं धरलं होतं त्याने. तोही कबूल करू लागला की असल्या चाली कड्याला निघत नाहीत.

घात केला तो पाटलांनी, आणि तोही प्रेमाने. रामनवमीला सुंठवडा खाता खाता त्यांच्या मनात आलं की कुस्ती धरण्याआधी पैलवानाला आपण कसं जपतो, दूध-बदाम काय, मालिश काय, आणि आपल्या शाहिराला मात्र जो तो उठून घालूनपाडून बोलतो. हे बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात दवंडी पिटली. जयंतीपर्यंत शाहीर गेनबा यांना कुणी वाकडा शब्द बोलायचा नाही, जो बोलेल त्याला चावडीवर बसवू. शिवाय शाहिराला रोज एक तांब्या दूध.

दवंडी ऐकली आणि गेनबा माझ्या ओसरीवर मटकन खाली बसला. मी म्हटलं पाटलांना जाऊन खरं सांगतो. त्याने शपथेची आठवण दिली. "सांगशील तर जे हाय तेबी जाईल. निघल काईतरी वाट," म्हणाला.

त्या दिवशी तो आमच्या बाजेकडे गेला आणि गुडघा नाही, सरळ दोन्ही पाय कुरडयांवर ठेवले. गोदा बाहेर आली. पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मग तिने पदराचा बोळा तोंडात धरला, तो काढला आणि म्हणाली, "असू द्या भावजी. परत घालीन." आणि आत जाऊन जी काही माझ्यावर तुटून पडली! मी तरी काय करणार, भिंतीकडे तोंड करून बसलो, म्हटलं ढासळलेल्या भागातून त्याला ऐकू जाईल. पण त्याने मान हलवली. म्हणाला, "हे तुजं हाय. दुसऱ्याच्या ताटातलं कसं घिऊ?"

न्हाव्याने अर्ध्या तासात गुळगुळीत दाढी केली आणि वर तेल लावलं. गुरवाने घंटेची दोरीच त्याच्या हातात दिली, म्हणाला, वाजवा शाहीर, मनसोक्त वाजवा. गेनबा कुणाच्या कडब्यात बैल सोडी, तर मालक दुसरी पेंढी आणून टाकी. त्या दिवशीचं गाणं त्याने जुन्या शिल्लकीवर भागवलं. पुढच्या दिवशी पहाटे उठून तो थेट बीडला चालत गेला, कारण दवंडी पालीपुरती होती. तिथे एका हलवायाच्या कढईजवळ मुद्दाम धडपडला आणि पोटभर बोलणी खाऊन हसत परत आला. पण दोन दिवसांत ती वार्ता बीडलाही पोचली. तिसऱ्या खेपेला तोच हलवाई म्हणाला, "पालीचे शाहीर ना तुमी? मारा की धक्का, आपलंच दुकान हाय." आणि वर पेढा दिला. गेनबा तो पेढा मुठीत धरून सगळी वाट चालत आला. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "दुनियेत कुनाला रागच न्हाई ऱ्हायला बे."

शेवटचे दोन-तीन दिवस त्याने कसे काढले ते तोच जाणे. गाणी झाली, पण पारावर लोक माना डोलवत ना त्या ओढून ताणून. दौलूच्या मेहुण्याच्या चेहऱ्यावर मात्र तजेला आला.

जयंतीची सकाळ उजाडली. मारुतीचा जन्म झाला, नारळ फुटले, पाळणेवाले, रेवड्यावाले बसले, कड्याच्या गाड्या घुंगरं वाजवत नदी ओलांडून आल्या. गेनबाकडे गाणं नव्हतं. त्याने कलगी सोडून मांडीवर घेतली होती आणि एकेक गोंडा सरळ करत होता, घरातून निघणाऱ्या लेकीचे केस सारखे करावेत तसा. ते पाहून मी मारुतीला हात जोडले, शपथ त्याच्याच पायावर परत ठेवली आणि पाटलांकडे धावलो.

पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. मोठा कर्तबगार माणूस. म्हणाले, एवढंच ना? बोलवा शाहिराला चावडीवर. आणि जमलेल्या गावाला हुकूम सोडला की आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी शाहिराला बोला.

तसा प्रकार मी जन्मात पाहिला नाही. न्हावी पुढे झाला, खाकरला आणि म्हणाला, "गेनबा, तुमी... तुमी मान हालवता." आणि मागे गेला. गुरवाने देवाचं नाव घेऊन सुरुवात केली आणि आशीर्वाद देऊन संपवलं. स्वतः पाटील मिशीला पीळ देऊन म्हणाले, "शाहीर, तुमी लई वाईट मानूस हायसा," आणि लगेच घाईने, "म्हंजे तसं न्हाई, पर हायसा." गोदाला पुढे ढकललं, तर ती आपली रडायलाच लागली. गेनबा मधे उभा राहून सगळ्यांकडे बघत होता. शेवटी त्याने सगळ्यांना हात जोडले. माझ्याकडे बघितलं, पण रागावला नाही. मला वाटलं निदान मला तरी तो चार शब्द सुनावील.

उन्हं कलली तसा फड बसला. दौलूने नवं गाणं उभं केलं, शिवाच्या जटांवर, आणि छान केलं. खोटं कशाला बोलू? कड्याच्या माणसांनी फेटे उडवले. शेवटच्या कडव्यात त्याने सवाल टाकला की शिवाच्या पाठीशी आम्ही सगळे, शक्तीवाल्या, तुझी शक्ती कुठे गेली? आता गेनबाची पाळी होती. तो उठला, डफ घेतला आणि उभाच राहिला. कड्याकडून टाळ्या पडायला लागल्या, त्या चेष्टेच्या. पाटलांनी डोळे मिटून घेतले.

गेनबाने डफ जरासा फिरवला, कलगी आपल्या तोंडासमोर आणली. आणि त्याने तोंड उघडलं तो आवाज त्याचा नव्हता. तीच ती चाल, नदीपलीकडे जाणारी. भिंतीअलीकडून मी वर्षानुवर्षं ऐकलेली.

"आवं डफ ठिवा खाली, सूर्य आला माथी,
बैल तहानले दारी, दोर घ्या की हाती.
गाण्यानं का पोट भरतं, शेजारनी हासती,
या आता घरात, भाकर थंड होती!"

बायांच्या बाजूला जो हशा उठला तो विचारू नका. कड्याच्या बायासुद्धा एकमेकींना कोपरं मारू लागल्या, कारण ते प्रत्येकीच्या घरचं होतं. गेनबाला जोर चढला.

"पेरनीच्या दिसाला बी मुखडा तुमी जुळविता,
तिफन उभी शेतात, तुमी टाळ्या मिळविता.
बोलून बोलून माजी जीभ झाली रिती,
या आता घरात, भाकर थंड होती!"

सगळी जत्रा शेवटची ओळ त्याच्याबरोबर म्हणत होती. पाटील तर उभे राहून म्हणत होते. आणि तेव्हा मला कळलं की यमुनावहिनींच्या बोलण्याचा शेवट हा होता. एवढं सगळं बोलून झालं की त्या त्याला जेवायला बोलावत. मी भिंतीला लागून राहिलो आणि नेमकं तेवढंच कधी ऐकलं नाही. मग गेनबाने डफ थांबवला आणि तिसरं कडवं नुसत्या तोंडाने म्हटलं. ते स्वतःच्या आवाजात.

"चूल इझली घरची, दार लावलं न्हाई,
गावभर बोलनी खाल्ली, पोट भरलं न्हाई.
अर्ध्यातून निघतो मी, शेवट कोन म्हनती?
या आता घरात, भाकर थंड होती."

या वेळी शेवटची ओळ कुणी त्याच्याबरोबर म्हटली नाही. न्हाव्याने तोंड फिरवलं. गोदा माझ्या बाहीला धरून होती.

दौलूला त्याच चालीत जवाब द्यायचा होता. त्याने डफ उचलला, थाप मारली, पुन्हा मारली, आणि डफ मांडीवर ठेवला. म्हणाला, "ह्याचा जवाब माज्याकडं न्हाई. माज्या घरी हाय, कड्याला. तिला गाडीत घालून आनलं असतं तर दिला असता." मग त्याने तुरा सोडला आणि गेनबासमोर धरला.

गेनबाने तो घेतला, हातात फिरवून पाहिला आणि परत दौलूच्याच डफाला बांधून टाकला. पाटील कळवळून काहीतरी म्हणाले, शर्तीचं, गावाच्या इज्जतीचं. गेनबा म्हणाला, "दोन्ही मीच ठिवून काय करू पाटील? समोरून बोलायला कुनीतरी पायजे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडीची बंदी उठली. कुरडयांचे दिवस सरत आले होते, गोदाने शेवटचा गव्हाचा चीक शिजवला आणि बाज भरली. मी ओसरीवर सुईत दोरा ओवत होतो. गेनबा आला, इकडे तिकडे पाहिलं, आणि बाजेला गुडघा लावला. गोदा बाहेर आली ती कढईतलं उलथनं घेऊनच. कित्येक दिवसांचं साचलेलं होतं. कुरडयांपासून सुरुवात करून ती दवंडीवर आली, पाटलांवर आली, चावडीवर सगळ्यांसमोर तिला रडायला लावलं त्यावर आली. गेनबाचं बोट मांडीवर हलू लागलं. ते चिकाचं ऐन भरात आलं आणि गेनबाने मान वर केली.

"माझं झालं," म्हणाला आणि वळला.

"थांबा," गोदा म्हणाली. "माझं न्हाई झालं."

तो थांबला. पाठमोराच. गोदाने उलथनं खाली केलं. तिचा आवाज एकदम उतरला होता, इतका की मलाही नीट ऐकू आला नाही.

"या आता घरात, भावजी. भाकर थंड होती."

गेनबा वळला. मग पायातल्या वहाणा काढून आमच्या उंबऱ्याच्या आत आला आणि चुलीपुढे बसला. तव्यावरची फुगलेली भाकरी गोदाने त्याच्या ताटात टाकली, वर ठेचा आणि तेल. तो पोटभर जेवला. त्या दिवशी त्याने गाणं केलं नाही.

माझ्या वाट्याला रात्रीची गार भाकरी आली. मी तीही शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.